पावसाचा अंदाज, टायरची निवड आणि अर्ध्या मिनिटाचा निर्णय

मृगाच्या दोन-चार सरी कोसळल्या की हिंगोली जिल्ह्यातील आखाडा बाळापूर परिसरातल्या शेतकऱ्यापुढे दरवर्षी तोच प्रश्न उभा राहतो. पेरावे की थांबावे? घाईने पेरले आणि पावसाने दडी मारली, तर दुबार पेरणीचे संकट. थांबले आणि पाऊस लागून राहिला, तर वापसा हुकतो आणि हंगाम पुढे सरकतो. म्हणूनच ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, असा सल्ला कृषी विभाग वरचेवर देत असतो. हा सल्ला म्हणजे भविष्यवाणी नव्हे. आभाळाचा भरवसा नसताना निर्णय घ्यायचा कसा, याचा तो एक ठोकताळा आहे.

फॉर्म्युला वन शर्यतीच्या दिवशी ढग दाटून आले की संघाच्या अभियंत्यांची अवस्था याहून फारशी वेगळी नसते. फरक एवढाच की शेतकऱ्याच्या हाती काही दिवस असतात आणि अभियंत्याच्या हाती जेमतेम अर्धे मिनिट. समोरून येणारी मोटार पिटच्या तोंडापाशी पोहोचण्याआधी त्याला सांगावे लागते, आत ये किंवा बाहेरच राहा. या एका वाक्यावर जगज्जेतेपदे हातची गेली आहेत आणि शेवटून आलेले चालक विजयमंचावर चढले आहेत. पावसाची शक्यता असताना शर्यतीची आखणी कशी होते, मोटारीत कोणते बदल करतात आणि हे सारे गणित कुठे चुकते, याचा हा आढावा.

तीन तऱ्हेचे टायर

कोरड्या रस्त्यावर फॉर्म्युला वनची मोटार 'स्लिक' टायरवर धावते. या टायरला नक्षी नसते. तो पूर्ण गुळगुळीत असतो. रबराचा जास्तीत जास्त भाग रस्त्याला चिकटावा, हा त्यामागील हेतू. कोरड्यात जे बलस्थान, तेच पावसात वैगुण्य ठरते. पाण्याला वाट काढून देणाऱ्या खाचाच नसल्याने टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो आणि चाक त्या थरावर तरंगू लागते. असे झाले की स्टिअरिंग फिरवून अथवा ब्रेक दाबून उपयोग नसतो. मोटार ज्या दिशेने निघाली, त्या दिशेने जात राहते.

ओल्या रस्त्यासाठी दोन तऱ्हेचे टायर असतात. हिरव्या पट्ट्याचा 'इंटरमीडिएट' हा दमट किंवा हलक्या पावसातल्या रस्त्यासाठी आणि निळ्या पट्ट्याचा 'वेट' हा मुसळधार पावसासाठी. २०११ पासून फॉर्म्युला वनला टायर पुरविणाऱ्या पिरेली कंपनीच्या माहितीनुसार ताशी ३०० किलोमीटर वेगाला एक इंटरमीडिएट टायर सेकंदाला सुमारे ३० लिटर, तर वेट टायर सुमारे ८५ लिटर पाणी बाजूला सारतो. घरातल्या पाच-सहा बादल्यांएवढे पाणी एका सेकंदात!

मग पाऊस आला की सर्वांनी सरळ वेट टायरच का लावू नयेत? याचे उत्तर उष्णतेत आहे. पावसाळी टायरचे रबर मऊ असते आणि त्यावर नक्षीचे सुटे ठोकळे असतात. ते थंड राहावेत, हे काम रस्त्यावरचे पाणीच करते. रस्ता सुकू लागला की हे ठोकळे तापतात, हलू लागतात आणि काही फेऱ्यांतच झिजून जातात. याच कारणाने ओला रस्ता सुकत आला की चालक मुद्दाम डबक्यांतून मोटार नेताना दिसतात. तो खेळकरपणा नसतो, टायर थंड करण्याची ती युक्ती असते.

एकशे बारा टक्क्यांचा ठोकताळा

कोणत्या क्षणी कोणता टायर वेगवान ठरेल, त्या सीमारेषेला शर्यतीच्या भाषेत 'क्रॉसओव्हर' म्हणतात. कृषी विभागाच्या सल्ल्यासारखा इथेही एक ठोकताळा आहे. ओल्या रस्त्यावर स्लिक टायरने लागणारा वेळ कोरड्या फेरीच्या सुमारे ११२ टक्क्यांवर गेला, की इंटरमीडिएट फायद्याचे ठरू लागतात. इंटरमीडिएटने लागणारा वेळ ११७-११८ टक्क्यांच्या आसपास पोहोचला, की वेट टायरची वेळ आली, असे समजतात. प्रत्येक सर्किटवर हा आकडा थोडाफार बदलतो.

एक उदाहरण घेऊ. कोरड्यात एक फेरी ९० सेकंदांत पूर्ण होते असे धरले, तर स्लिकवरील फेरी १०१ सेकंदांच्या आसपास जाऊ लागली की इंटरमीडिएटचा विचार सुरू करावा आणि इंटरमीडिएटवरील फेरी १०६ सेकंदांवर गेली की वेट टायरचा. मात्र यात पिटमध्ये जाण्याची किंमत धरलेली नाही. टायर बदलायला जेमतेम दोन-तीन सेकंद लागतात, हे खरे. परंतु मर्यादित वेगाने पिटमध्ये शिरून पुन्हा रस्त्यावर येईपर्यंत बहुतेक सर्किटवर २० ते २५ सेकंद जातात.

समजा ही किंमत २२ सेकंद आहे आणि नवे टायर दर फेरीला चार सेकंद वाचवतात. मग गेलेला वेळ भरून यायला साडेपाच फेऱ्या लागतील आणि खरा फायदा सहाव्या फेरीत दिसेल. पाऊस तीनच फेऱ्यांत थांबला, तर तोटा झालाच. शिवाय पुन्हा स्लिक लावण्यासाठी आणखी २२ सेकंद मोजावे लागतील. उलट पाऊस जोराचा असेल आणि स्लिकवरचा चालक फेरीमागे १५ सेकंद गमावत असेल, तर दुसऱ्याच फेरीत सारे वसूल होते. म्हणजे पाऊस येणार का, हा प्रश्न अपुरा आहे. तो किती पडेल आणि किती वेळ टिकेल, हे कळल्याशिवाय निर्णय होत नाही. नेमके हेच दोन आकडे हवामानाच्या अंदाजात सर्वांत कच्चे असतात.

यात एक सवलत असते. कोरड्या शर्यतीत दोन वेगवेगळ्या जातींचे स्लिक वापरण्याचे बंधन आहे. चालकाने शर्यतीत पावसाळी टायर वापरले, तर हे बंधन उरत नाही.

मोटारीची जुळणी

टायर शर्यतीत बदलता येतात. मोटारीची बाकीची जुळणी, म्हणजे 'सेटअप', मात्र आधी ठरवावा लागतो. पावसासाठी त्यात साधारण पुढील बदल करतात.

जमिनीपासूनची उंची : कोरड्यात मोटार जितकी जमिनीलगत तितकी चांगली, कारण तळाखालून वाहणारी हवा तिला रस्त्याकडे खेचते. मोटारीच्या तळाशी १९९४ पासून एक सपाट फळी बसवलेली असते. रस्त्यावर पाणी साचले की टायरच्या आधी ही फळीच पाण्यावर तरंगण्याचा धोका असतो. म्हणून पावसात मोटार थोडी उचलतात. वेट टायरचा व्यास स्लिकपेक्षा किंचित मोठा असल्याने तो लावल्यावर काही उंची आपोआप मिळते.

स्प्रिंग व रोल बार : पावसात वळणावरचा वेग कमी असतो आणि मोटारीवर येणारा ताणही कमी. कडक स्प्रिंग अशा वेळी चाकाला रस्ता धरू देत नाहीत. सस्पेन्शन थोडे मऊ ठेवले की मोटार सावकाश झुकते आणि पकड सुटण्याआधी चालकाला सूचना मिळते.

पंख : पुढच्या-मागच्या पंखांचा कोन वाढवून हवेचा दाब वाढवतात. याची किंमत सरळ रस्त्यावर मोजावी लागते, कारण मोठा पंख मोटारीला मागे ओढतो.

ब्रेक : कोरड्यात जोराने ब्रेक लावला की मोटारीचे वजन पुढच्या चाकांवर येते, म्हणून ब्रेकचा भार पुढे अधिक ठेवतात. ओल्यात ब्रेक हळुवार लावावे लागतात, वजन तितके पुढे येत नाही आणि पुढची चाके जाम होतात. त्यामुळे चालक हा भार थोडा मागे सरकवतो. ही सोय स्टिअरिंगजवळच असते. शिवाय कार्बनचे ब्रेक थंड पडले की नीट काम करत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे जाणारी हवा कमी करणे इष्ट ठरते.

इंजिन : ॲक्सिलरेटर दाबताच सारी ताकद मागच्या चाकांवर आली तर मोटार गर्रकन फिरते. ही ताकद सौम्यपणे उतरेल, अशी योजना करतात.

चालकालाही सवयी बदलाव्या लागतात. कोरड्यात ज्या मार्गाने सर्व जण वळण घेतात, तिथे रबराचा थर बसलेला असतो. पाऊस पडताच तोच थर तेलकट निसरडा होतो. अशा वेळी कसलेले चालक नेहमीचा मार्ग सोडून वळणाच्या बाहेरच्या बाजूने जातात. रंगवलेले पांढरे पट्टे आणि कडेचे उंचवटे तर बर्फासारखे होतात.

कुलूपबंद मोटार

इतके सारे बदल माहीत असताना संघ पावसाचा अंदाज येताच ते का करत नाहीत? त्यांना तशी मुभा नसते. २००३ पासून पात्रता फेरी सुरू झाली की मोटार 'पार्क फर्मे' नियमाखाली येते. त्यानंतर शर्यतीपर्यंत पुढच्या पंखाचा कोन, टायरमधील हवेचा दाब अशा मोजक्या गोष्टींनाच हात लावता येतो. स्प्रिंग बदलणे किंवा मोटार उचलणे यासाठी नियम मोडावा लागतो आणि त्याची शिक्षा म्हणजे पिटमधून सर्वांच्या मागून सुरुवात. पूर्वी एक जुळणी कोरड्याची आणि एक ओल्याची अशा दोन मोटारी सज्ज ठेवता येत. २००८ पासून जादा मोटारीची ती सोयही गेली.

त्यामुळे शनिवारची पात्रता फेरी कोरडी आणि रविवारच्या शर्यतीला पावसाचा अंदाज, अशा वेळी खरी कसोटी लागते. पूर्ण पावसाळी जुळणी केली तर पात्रता फेरीत मागे पडण्याची भीती. पूर्ण कोरडी केली तर रविवारी मोटार सावरणे कठीण. बहुतेक संघ मधला मार्ग काढतात. हा मधला मार्ग कुठे काढायचा, ते सर्किट ठरवते. मोनॅकोच्या अरुंद, वळणावळणांच्या रस्त्यावर कोरड्यातही मोठेच पंख लावलेले असतात, त्यामुळे पावसाची तयारी तिथे स्वस्त पडते. इटलीतील मॉन्झा येथे लांब सरळ रस्त्यांसाठी पंख अगदी लहान ठेवतात. तिथे पावसासाठी पंख वाढवला आणि पाऊस आलाच नाही, तर प्रतिस्पर्धी सरळ रस्त्यावर सहज पुढे निघून जातात.

अंदाज बांधतात तरी कसा

संघांच्या पडद्यावर पावसाच्या रडारचे चित्र सतत दिसत असते. ढग किती वेगाने, कोणत्या दिशेने येत आहेत आणि पहिला थेंब किती मिनिटांत पडेल, याचा अंदाज त्यावरून काढतात. परंतु बेल्जियममधील स्पा सर्किटची लांबी सात किलोमीटर आहे. तिथे एका टोकाला धो-धो पाऊस आणि दुसऱ्या टोकाला रस्ता कोरडा, असे दृश्य नवे नाही. रडारला ढग दिसतो, रस्ता दिसत नाही. म्हणून चालकाने रेडिओवर दिलेली खबर, कॅमेऱ्यांतून दिसणारी चमक आणि प्रतिस्पर्ध्यांच्या वेळा यांना तितकेच महत्त्व असते.

यात मागच्या संघांची भूमिका मोठी असते. पंधराव्या क्रमांकावरच्या चालकाला गमावण्यासारखे फार नसल्याने तो सर्वांआधी टायर बदलून नशीब अजमावतो. त्याची पुढची फेरी म्हणजे बाकीच्यांसाठी फुकटचा प्रयोग! तो झपाट्याने पुढे येऊ लागला की पिटच्या तोंडाशी रांग लागते. आघाडीवरच्या संघाचे धोरण नेमके उलट असते. जवळचा प्रतिस्पर्धी जे करेल तेच आपण करायचे, म्हणजे चूक झालीच तर दोघांचीही होईल.

चुकलेले तीन अंदाज

११ मे १९९७. मोनॅको. पोल पोझिशनवर विल्यम्स संघाचा हाइन्झ-हेराल्ड फ्रेंट्झन आणि तिसऱ्या स्थानी त्याचाच सहकारी जॅक व्हिलनव्ह. शर्यतीपूर्वी पाऊस सुरू झाला, पण तो फार टिकणार नाही, या अंदाजावर विसंबून विल्यम्सने दोन्ही मोटारींना स्लिक टायर लावले. फेरारीच्या मायकेल शुमाकरकडे दोन मोटारी तयार होत्या. त्याने ओल्या रस्त्याची मोटार निवडली आणि इंटरमीडिएट टायरवर सुरुवात केली. पाऊस थांबला नाही. पाच फेऱ्यांत शुमाकरची आघाडी वीस सेकंदांपलीकडे गेली. दोन तासांच्या मर्यादेमुळे शर्यत ६२ फेऱ्यांवर संपली तेव्हा शुमाकर पहिला होता. विल्यम्सच्या दोघांनाही शर्यत पूर्ण करता आली नाही. वर्षअखेर जगज्जेता व्हिलनव्हच ठरला, हा भाग निराळा.

५ एप्रिल २००९. मलेशियातील सेपांग. युरोपातील प्रेक्षकांच्या सोयीसाठी शर्यत संध्याकाळी पाच वाजता ठेवली होती. उष्ण कटिबंधात मोठ्या सरींची वेळही हीच. या वेळी फेरारीने १९९७ च्या उलट चूक केली. वादळ येणार म्हणून किमी रायकोनेनला आधीच वेट टायर लावले. रस्ता कोरडाच होता. काही फेऱ्यांत टायरची दशा झाली आणि रायकोनेन मागे पडला. टोयोटाच्या टिमो ग्लॉकने, इतर वेट टायरवर असताना, इंटरमीडिएट लावून मधल्या काळात मुसंडी मारली. शेवटी आभाळच फाटले, शर्यत थांबवावी लागली आणि ३१ फेऱ्यांवरचा निकाल धरून निम्मे गुण दिले गेले. जेन्सन बटन पहिला, निक हाइडफेल्ड दुसरा आणि ग्लॉक तिसरा. फेरारीचा पावसाचा अंदाज बरोबर होता, वेळ चुकली. दुबार पेरणी म्हणतात ती हीच.

२६ सप्टेंबर २०२१. रशियातील सोची. कारकिर्दीतील पहिली पोल पोझिशन मिळवलेला लँडो नॉरिस शेवटच्या काही फेऱ्यांपर्यंत आघाडीवर होता. मागे लुईस हॅमिल्टन. पाऊस सुरू झाला. मर्सिडीजच्या पहिल्या बोलावण्याकडे हॅमिल्टननेही दुर्लक्ष केले. दुसऱ्या वेळी मात्र त्याने ऐकले आणि इंटरमीडिएट लावले. नॉरिसने स्लिकवरच राहण्याचा हट्ट धरला. पाऊस वाढला, त्याची मोटार रस्त्याबाहेर घसरली आणि तो सातवा आला. हॅमिल्टनचा हा शंभरावा विजय. चालकाला फक्त समोरचे वळण दिसते आणि अभियंत्याला फक्त रडार दिसते. दोघांचे मिळून एक चित्र तयार झाले नाही, तर असे घडते.

भारतीय नावाचा संघ आणि पाऊस

२००८ ते २०१८ या काळात 'फोर्स इंडिया' हा भारतीय परवान्यावर धावणारा संघ फॉर्म्युला वनमध्ये होता. त्याचे ठाणे इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोनला असले तरी नाव आपले होते आणि भारतीय वाचक त्याच्याकडे आपुलकीने पाहत. या संघाच्या सर्वांत हुरहुर लावणाऱ्या दोन आठवणी पावसाच्याच आहेत.

पहिली २५ मे २००८ ची, मोनॅकोतील. संघाचे ते पहिलेच वर्ष. तळाशी रेंगाळणाऱ्या या संघाचा एड्रियन सुटील अठराव्या स्थानावरून निघाला. ओल्या रस्त्यावर इतर आपटत-धडकत असताना तो मात्र मोटार सांभाळत चौथ्या क्रमांकापर्यंत आला. शर्यत संपायला थोड्याच फेऱ्या उरल्या असताना बोगद्यातून बाहेर पडल्यावर रायकोनेनचा ताबा सुटला आणि त्याची फेरारी सुटीलच्या मोटारीवर मागून आदळली. पिटमध्ये परतलेल्या सुटीलला अश्रू आवरले नाहीत. त्या वर्षी संघाला एकही गुण मिळाला नाही.

दुसरी २५ नोव्हेंबर २०१२ ची, ब्राझीलमधील इंटरलागोस येथील. हलका पाऊस सुरू होताच जवळजवळ सर्वांनी इंटरमीडिएट लावले. फोर्स इंडियाचा निको हल्केनबर्ग आणि मॅकलारेनचा बटन, हे दोघे स्लिकवरच थांबले. पाऊस वाढणार नाही, हा त्यांचा होरा खरा ठरला. बाकीच्यांना पुन्हा पिटमध्ये जाऊन स्लिक लावावे लागले आणि हे दोघे पाऊण मिनिटाच्या आसपास पुढे निघून गेले. भारतीय नावाची मोटार ग्रां प्रीमध्ये आघाडीवर होती! मग रस्त्यावरील तुकडे उचलण्यासाठी सेफ्टी कार आली, साऱ्या मोटारी एकामागे एक लागल्या आणि कमावलेली आघाडी क्षणात विरली. पुढे निसरड्या रस्त्यावर हॅमिल्टनला मागे टाकण्याच्या प्रयत्नात हल्केनबर्ग त्याच्यावर घसरला, शिक्षा झाली आणि तो पाचवा आला. बटन जिंकला. निर्णय अचूक असूनही फळ हाती लागेलच असे नाही, हा या खेळाचा कठोर धडा.

काही न करण्याची चाल

पावसात पिटमध्ये धाव घेण्याचा मोह अनावर असतो. तो आवरणाऱ्यांनी अनेकदा बाजी मारली आहे. १५ नोव्हेंबर २०२० रोजी तुर्कस्तानात हॅमिल्टनने शर्यतीच्या सुरुवातीला इंटरमीडिएट लावले आणि जवळपास पन्नास फेऱ्या तेच चालवले. शेवटी त्यांची नक्षी झिजून ते स्लिकसारखे गुळगुळीत झाले होते. पण रस्ताही त्याच गतीने सुकत गेला होता. त्या विजयाने त्याचे सातवे जगज्जेतेपद निश्चित झाले. दुसरा आलेला सर्जिओ पेरेझही एकदाच थांबला होता. त्याचा 'रेसिंग पॉइंट' संघ म्हणजे फोर्स इंडियाचाच वारसदार.

३ नोव्हेंबर २०२४ रोजी ब्राझीलमध्ये पाऊस वाढला तेव्हा आघाडीवरील जॉर्ज रसेल आणि नॉरिस यांनी पिटमध्ये जाऊन टायर बदलले. एस्तेबान ओकोन, मॅक्स व्हर्स्टापेन आणि पिएर गॅस्ली बाहेरच राहिले. लगेचच अपघात होऊन लाल बावटा दाखवला गेला. शर्यत थांबलेली असताना टायर बदलता येतात आणि त्यासाठी एक सेकंदही मोजावा लागत नाही. थांबलेल्या तिघांना ही भेट मिळाली. सतराव्या स्थानावरून निघालेला व्हर्स्टापेन जिंकला, ओकोन व गॅस्ली दुसरे-तिसरे आले आणि पोलवरून निघालेला नॉरिस सहावा. याला नशीब म्हणता येईल. पण जोराच्या पावसात अपघात होतात आणि शर्यत थांबते, ही शक्यता हिशेबात धरणे हा आखणीचाच भाग आहे.

जिथे आखणी संपते

पावसातील शर्यतीची चर्चा करताना ५ ऑक्टोबर २०१४ विसरता येत नाही. जपानमधील सुझुका सर्किटवर वादळाच्या सावटाखाली शर्यत सुरू होती. आधी सुटीलची मोटार घसरून कडेला गेली. ती उचलणाऱ्या वाहनावर पुढच्याच फेरीत ज्युल्स बियांकीची मोटार त्याच ठिकाणी घसरून आदळली. बियांकी शुद्धीवर आला नाही. १७ जुलै २०१५ रोजी त्याचे निधन झाले. त्यानंतर अपघातस्थळी सर्वांना एकाच वेळी वेग कमी करायला लावणारी 'व्हर्च्युअल सेफ्टी कार' पद्धत २०१५ पासून लागू झाली.

आज वेट टायर प्रत्यक्ष शर्यतीत फार क्वचित दिसतात, यामागेही सुरक्षिततेचेच कारण आहे. त्यांची गरज भासावी इतका पाऊस असला, की पुढच्या मोटारीच्या चाकांनी उडवलेल्या तुषारांत मागच्या चालकाला काहीच दिसत नाही. टायर पाणी उपसू शकतो, पण डोळ्यांपुढचा पडदा हटवू शकत नाही. २९ ऑगस्ट २०२१ रोजी स्पा येथे प्रेक्षक तासन् तास पावसात बसून राहिले आणि सेफ्टी कारच्या मागे काही फेऱ्या मारून शर्यत संपवण्यात आली. निम्मे गुण वाटले गेले, टीका झाली आणि पुढच्या वर्षी गुणांचा नियम बदलला. तरीही बियांकीचे स्मरण असणाऱ्यांना त्या दिवशी मोटारी न सोडण्याचा निर्णय चुकीचा वाटला नसेल.

आपल्याकडचा पाऊस

ग्रेटर नॉयडा येथील बुद्ध सर्किटवर २०११, २०१२ आणि २०१३ अशा तीन ग्रां प्री झाल्या. तिन्ही ऑक्टोबरच्या अखेरीस, म्हणजे मान्सून परतल्यानंतर. आणि तिन्ही सेबास्टियन व्हेटेलने जिंकल्या. चेन्नईत मात्र ३१ ऑगस्ट २०२४ रोजी शहरातील रस्त्यांवर प्रथमच रात्रीची शर्यत भरली, तेव्हा पावसाने वेळापत्रक विस्कळीत केले. महाराष्ट्राने तर पावसाची अडचण हीच गंमत मानली. नवी मुंबईच्या टेकड्यांवर चिखल तुडवत होणारी मान्सून स्कूटर रॅली ही त्याची साक्ष. तिथे पाऊस पडेल का, याची चिंता कोणी करत नाही. पाऊस नसेल तर रॅलीला अर्थ नाही.

शर्यतीशी संबंध नसलेल्या वाचकालाही या शास्त्राचा उपयोग आहे. पाण्यावर चाक तरंगणे हे फक्त फॉर्म्युला वनमध्ये घडत नाही. जुलैतल्या द्रुतगती मार्गावर साचलेल्या पाण्यातही घडते. आपल्याकडे मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असावी, असा नियम आहे. गुळगुळीत टायर म्हणजे पावसात स्लिकवर निघण्याचाच प्रकार! स्टिअरिंग एकाएकी हलके लागले, तर जोराने ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढावा, स्टिअरिंग सरळ धरावे आणि चाकांना रस्ता पुन्हा सापडू द्यावा. शर्यतीचा चालकही त्या क्षणी याहून वेगळे काही करू शकत नाही.

आणि ज्याला पावसाचा निर्णय घ्यायचा आहे, त्याच्यासाठी या साऱ्या शर्यतींचे सार एकच. विल्यम्स बुडाली ती आभाळाविषयीच्या खात्रीमुळे. सुटील, पेरेझ आणि व्हर्स्टापेन यांनी पाऊस ओळखला, असे म्हणता येणार नाही. पायाखालचा रस्ता किती ओला आहे, एवढेच पाहून त्यांनी पुढची फेरी मारली आणि मोटार रस्त्यावर ठेवली. आखाडा बाळापूरचा अनुभवी शेतकरी ढगाकडे पाहतो. पण पेरायचे की नाही, हे मूठभर माती हातात घेऊन, ओल किती खोल गेली ते पाहूनच ठरवतो.